डब्यातली साखर आणि कन्फ्युशियसची ‘ली’

शेजारून आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, हे मला कधी कोणी शिकवलं ते आठवत नाही. आई धुऊन पुसून ठेवलेल्या डब्यात काहीतरी घालायचीच. लाडू असले तर लाडू, नाहीतर चार चमचे साखर. साखर काकूंच्या घरातही होती आणि आमच्या चार चमच्यांवाचून त्यांचं काही अडत नव्हतं. तरी डबा हातात घेताना त्या झाकण किंचित उचलून बघायच्या आणि म्हणायच्या, ‘अगं, कशाला उगाच!’ हे वाक्यही ठरलेलंच. मी ते कितीतरी वेळा ऐकलं आणि एकदाही ते खोटं वाटलं नाही.

ती साखर नेमकं काय करत होती, हा प्रश्न मला खूप वर्षांनी पडला, कन्फ्युशियस वाचताना. आणि त्याचं सगळ्यात चांगलं उत्तर मिळालं ते हर्बर्ट फिंगारेट या अमेरिकी तत्त्वज्ञाच्या अभ्यासात. त्या अभ्यासात काय आहे, ते इथे जमेल तितक्या साध्या भाषेत सांगतो.

आधी कन्फ्युशियसची थोडी ओळख. इसवी सनापूर्वी ५५१ ते ४७९ हा त्याचा काळ. म्हणजे साधारण आपल्या बुद्ध-महावीरांच्या आसपासचा. जन्म लू नावाच्या छोट्या राज्यातला, चीनमधल्या आजच्या शांडोंग प्रांतातल्या छ्युफूजवळचा. आडनाव कोंग. लोक त्याला ‘कोंग फूत्झ’ म्हणत, म्हणजे कोंग गुरुजी. पुढे जेझुइट मिशनऱ्यांनी त्याचं लॅटिन वळणाचं ‘कन्फ्युशियस’ केलं आणि तेच जगभर रूढ झालं. त्याचं म्हणून जे सर्वांत विश्वासाने वाचलं जातं ते ‘लुनयू’, म्हणजे संवादांचा संग्रह. शिष्यांनी आणि शिष्यांच्या शिष्यांनी जुळवलेला. वीस भाग, आणि त्यांत सुमारे पाचशे छोटे उतारे. काही तर एका ओळीचे.

पहिल्यांदा वाचलं की हाती फारसं काही लागत नाही. गुरुजी चटई सरळ घातलेली नसेल तर तिच्यावर बसत नसत. मांस नीट कापलेलं नसेल तर खात नसत. दरबारात शिरताना असं वाकत, बाहेर पडताना तसं. वाचणाऱ्याला वाटतं, हे घरातलं कडक शिस्तीचं वडीलधारं माणूस आहे आणि आपण त्याच्या ओसरीवर उगाच अडकलो आहोत. फिंगारेट यांचंही अगदी हेच झालं होतं. सुरुवातीला हा माणूस आपल्याला संकुचित, रुक्ष उपदेशक वाटला, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

फिंगारेट यांचा जन्म १९२१ चा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या शाखेत ते तत्त्वज्ञान शिकवत. चीनचे तज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव नव्हतं. मनोविश्लेषण, माणूस स्वतःलाच कसा फसवतो, असे त्यांचे विषय. म्हणजे आयुष्यभर माणसाच्या ‘आत’ काय चालतं याचा शोध घेणारा अभ्यासक. १९७२ साली त्यांनी कन्फ्युशियसवर शंभर पानांच्या आतलं एक पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा भावार्थ असा, की जे लौकिक आहे तेच पवित्र आहे. आणि ‘आत’चा हा अभ्यासक त्यात म्हणतो, की कन्फ्युशियस समजायचा तर ‘आत’ बघायची सवय जरा बाजूला ठेवा.

सगळं येऊन थांबतं ‘ली’ या शब्दावर. चिनी लिपीतलं त्याचं जुनं चिन्ह म्हणजे वेदीची खूण आणि तिच्याजवळ नैवेद्याचं पात्र. मूळ अर्थ यज्ञ, पितरांना अर्पण, त्याची ठरलेली कृती. पण लुनयूत हा शब्द बघता बघता पसरतो. पाहुण्याला दारापर्यंत सोडणं, शोक पाळणं, राजासमोर उभं राहणं, मोठ्यांशी बोलण्याचा सूर, हे सगळं ‘ली’. मराठीत त्याला एक शब्द नाही. विधी म्हटलं की भटजी डोळ्यांसमोर येतात, शिष्टाचार म्हटलं की सरकारी बंगला. ‘रीत’ त्यातल्या त्यात जवळचा, पण त्यात वेदीचं गांभीर्य येत नाही. म्हणून ‘ली’च म्हणू.

फिंगारेट यांचं प्रसिद्ध उदाहरण हस्तांदोलनाचं आहे. रस्त्यात तुम्ही मला दिसता. मी हसतो, पुढे येतो, हात करतो. आणि काय होतं? मी हुकूम दिलेला नाही, युक्ती लढवलेली नाही, तुमचा हात धरून ओढलेला नाही. तरी तुम्ही वळता, हसता, तुमचाही हात वर येतो. कोण कोणाचा हात हलवतं आहे हे सांगता येत नाही, इतकं ते एकजीव असतं. यात किती बारकावे आहेत बघा. हात किती वेळ धरायचा, किती घट्ट, नजर कुठे ठेवायची. आपल्याला यातलं काही सांगता येणार नाही, पण समोरच्याचं काही चुकलं तर क्षणात कळतं.

दुसरं उदाहरण वर्गातलं. शिक्षकाला आपल्या खोलीतलं पुस्तक हवं आहे. तो एका विद्यार्थ्याकडे वळून नीट शब्दांत विनंती करतो, आणि पुस्तक येतं. जबरदस्ती नाही, धाक नाही, लालूच नाही. फिंगारेट याला चक्क जादू म्हणतात, आणि तो शब्द ते गंभीरपणे वापरतात. जिथे ‘ली’ शिल्लक नाही तिथे तेच पुस्तक आणायला धमकी लागेल किंवा पैसे. लुनयूत शुन नावाच्या पुराणकाळातल्या राजाबद्दल म्हटलं आहे, की त्याने काहीच केलं नाही, फक्त आदराने दक्षिणेकडे तोंड करून बसला, आणि राज्य नीट चाललं. एकट्याने वाचलं तर हे वाक्य भाबडं वाटतं. हस्तांदोलनाच्या शेजारी ठेवून वाचलं की त्यातला अर्थ उघडतो.

इथे फिंगारेट ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांच्या एका विचाराची मदत घेतात. आपल्याला वाटतं, बोलणं म्हणजे माहिती देणं. पण ‘मी तुला शब्द देतो’ हे वाक्य कसली माहिती देतं? काहीच नाही. ते उच्चारणं हेच शब्द देणं. त्याआधी वचन नव्हतं, त्यानंतर आहे. लग्न लागणं, पैज लावणं, माफी मागणं, सगळं याच जातीचं. घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. माहिती म्हणून बघाल तर ते चूक आहे, आपण जातच असतो. पण ते वाक्य माहितीसाठी बोललेलंच नसतं. आपलं आणि त्या घराचं नातं त्या एका शब्दाने पुढे चालू ठेवलेलं असतं. साखरेचंही तसंच. त्या साखरेने ‘आमचं-तुमचं देणंघेणं चालू आहे’ असं सांगितलं नाही. ते देणंघेणं साखरेनेच चालू राहिलं.

आता दुसरा मोठा शब्द, ‘रेन’. माणुसकी, सहृदयता, माणूसपण असे त्याचे अर्थ सांगतात. त्याच्या चिन्हात माणूस आणि ‘दोन’ हा आकडा शेजारी शेजारी असतात. लाडका शिष्य येन ह्वे विचारतो, रेन म्हणजे काय? कन्फ्युशियस सांगतो, स्वतःला आवरून ‘ली’कडे परत येणं म्हणजे रेन. येन ह्वे तपशील विचारतो. उत्तर येतं: ‘ली’ला धरून नसेल ते पाहू नकोस, ऐकू नकोस, बोलू नकोस, करू नकोस.

आपला सहज समज असा, की रेन ही आतली भावना आणि ‘ली’ तिचं बाहेरचं कवच. भाव महत्त्वाचा, कवच गेलं तरी चालेल. फिंगारेट यांना हे मान्य नाही. ते संगीताचा दाखला देतात. त्यांचा दाखला पाश्चात्त्य संगीतातला आहे, आपण बंदिशीचा घेऊ. यमनमधली एक जुनी बंदिश. शब्द ठरलेले, स्वर ठरलेले, ताल ठरलेला, सम कुठे यायची तेही ठरलेलं. एक विद्यार्थी ती बिनचूक म्हणतो आणि आपण घड्याळ बघतो. एखादी पिकलेली गायिका तीच म्हणते आणि डोळ्यांत पाणी येतं. तिचा भाव कुठे होता? गाण्याच्या मागे, काळजात कुठेतरी, आणि गाणं म्हणजे नुसता त्याचा दूत? की तो त्या स्वराच्या लगावातच होता? फिंगारेट म्हणतात, करण्यातच होता. बंदिश काढून घ्या, मग त्या भावाला उभं राहायला जागा उरत नाही. रेन आणि ‘ली’ अशा एकाच कृतीच्या दोन बाजू आहेत. एका बाजूने बघा, कृतीचा आकार दिसतो. दुसऱ्या बाजूने बघा, ती करणारा माणूस दिसतो.

अभ्यासातला मला सर्वांत आवडलेला भाग पात्राचा आहे. त्झगोंग हा हुशार शिष्य, व्यापारात आणि राजकारणात पुढे गेलेला. तो गुरूला विचारतो, माझ्याबद्दल आपलं काय मत? उत्तर: तू एक भांडं आहेस. बिचारा विचारतो, कसलं भांडं? उत्तर: पूर्वजांच्या मंदिरात अर्पणाचं धान्य ठेवतात, ते मौल्यवान पात्र. गंमत म्हणजे दुसरीकडे कन्फ्युशियसनेच म्हटलं आहे, की सज्जन माणूस म्हणजे भांडं नव्हे. मग हा टोमणा की गौरव? फिंगारेट यांचं वाचन असं: साधं भांडं कामापुरतं असतं, काम झालं की फडताळात जातं. अर्पणाचं पात्र ज्या विधीत उभं असतं त्या विधीमुळे पवित्र होतं. त्या विधीच्या बाहेर ते नुसतं एक महाग भांडं. माणूसही एकटा, सुटा, आपल्या मनाच्या कोठडीत बसलेला असा पवित्र नसतो. इतरांबरोबर जे मिळून करायचं त्यात उभा राहिला, की पवित्र होतो.

एवढं वाचल्यावर कोणालाही भीती वाटेल, की मग जुनी रीत जशीच्या तशी कवटाळून बसायचं का? लुनयूतले दोन छोटे प्रसंग इथे शेजारी ठेवून बघावेत. पहिला: लू राज्यात महिन्याच्या प्रतिपदेचा एक विधी जवळजवळ बंद पडला होता, फक्त मेंढी कापणं तेवढं चालू होतं. त्झगोंग म्हणाला, मग ती मेंढी तरी कशाला? कन्फ्युशियसने उत्तर दिलं, ‘तुला मेंढीची ओढ, मला त्या विधीची.’ मेंढीही गेली तर तिथे एके काळी काही होतं याची खूणसुद्धा उरणार नाही, असा त्याचा अर्थ टीकाकार लावत आले आहेत.

दुसरा प्रसंग टोपीचा. नियमाने विधीची टोपी तागाच्या बारीक सुताची हवी. लोक रेशमाची घालू लागले, कारण तिला खटाटोप कमी. कन्फ्युशियस म्हणतो, काटकसर आहे, मी लोकांबरोबर जातो. पुढे म्हणतो, नियमाने राजाला पायऱ्यांखालून वाकून नमस्कार करायचा. आता लोक वर जाऊन करतात. हा ताठा आहे. सगळे एकीकडे असले तरी मी खालूनच करणार. टोपीचं कापड बदललं तर चालतं, नमस्काराची जागा बदलली तर चालत नाही. कारण एका बदलात फक्त खर्च वाचतो, दुसऱ्यात नात्याचा अर्थच बदलतो. रीतींबद्दल इतका नेमका विवेक इतक्या थोड्या शब्दांत मी दुसरीकडे वाचलेला नाही.

फिंगारेट यांचं आणखी एक म्हणणं असं, की कन्फ्युशियसचा रस्ता बिनफाट्याचा आहे. दोन वाटा समोर, मन कात्रीत, मग निवड, मग अपराधाची टोचणी, ही भाषा त्याच्याकडे नाही. एक सरदार त्याला अभिमानाने सांगतो, आमच्याकडे इतका सचोटीचा माणूस आहे, की बापाने मेंढी चोरली तर त्याने बापाविरुद्ध साक्ष दिली. कन्फ्युशियस म्हणतो, आमच्याकडे बाप मुलाला झाकतो, मुलगा बापाला झाकतो, आणि सचोटी त्यातच असते. आजच्या वाचकाला हे खटकतं, मलाही खटकलं होतं. पण पुढे सातव्या शतकातल्या थांग राजवटीच्या कायद्याने जवळच्या नातलगांना एकमेकांना झाकायची मुभा दिली. आणि आपल्याकडचा पुराव्याचा कायदाही, काही अपवाद सोडता, नवरा-बायकोने एकमेकांना सांगितलेली गोष्ट उघड करायला त्यांना भाग पाडत नाही. सगळी नाती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी करू नयेत, ही समज फक्त प्राचीन चीनची नव्हती.

इथवर मी फिंगारेट यांच्या मागे आनंदाने गेलो. पण ‘आत’ इतकं पुसून टाकायचं का, यावर माझं त्यांच्याशी जमत नाही. चिनी विचारांचे मोठे अभ्यासक बेंजामिन श्वार्ट्झ यांनीही १९८५ च्या आपल्या ग्रंथात याच मुद्द्यावर हरकत घेतली आहे. त्झाय वो हा शिष्य येऊन म्हणतो, आई-वडिलांसाठी तीन वर्षांचं सुतक फार होतं, एक वर्ष पुरे. कन्फ्युशियस नियम सांगत नाही. तो विचारतो, ‘तेव्हा पांढरा भात खाताना, भरजरी कपडे घालताना तुला स्वस्थ वाटेल?’ शिष्य म्हणतो, वाटेल. ‘मग कर.’ तो गेल्यावर गुरू इतरांना म्हणतो, याच्यात रेन नाही. मूल तीन वर्षांचं होईपर्यंत आई-बापांच्या कडेवरून उतरत नाही. त्याला नाही का मिळाली ती तीन वर्षं?

‘तुला स्वस्थ वाटेल?’ हा प्रश्न कोणाला विचारला आहे? हाताला नाही, पायाला नाही. माझे वडील गेले तेव्हा तेराव्या दिवसापर्यंत घरात माणसांची ये-जा होती. कोण काय बोललं ते आता विसरलो. पहिल्या दिवशी आमची चूल पेटली नाही आणि न सांगता चार घरांतून पिठलं-भात आला, एवढं लक्षात आहे. तो भात आला ही ‘ली’, पण घशाखाली उतरत नव्हता ते माझं होतं. दोन्ही खरं होतं, आणि कन्फ्युशियसला दोन्ही ठाऊक होतं असं मला वाटतं.

याहून मोठा आक्षेप दुसरा आहे, आणि मराठी माणसाने तो घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. रीत माणसांना जोडते तशी माणसांना बाहेरही ठेवते. चीनमध्ये हे सगळ्यात कठोरपणे लेखक लू शून यांनी मांडलं. १९१८ सालच्या त्यांच्या कथेतल्या वेड्याला सदाचाराच्या पोथीत ओळींच्या फटींतून एकच गोष्ट लिहिलेली दिसते, ‘माणसं खा’. पुढच्याच वर्षी विद्यार्थ्यांचं ४ मेचं आंदोलन झालं आणि त्या काळातल्या तरुण पिढीने कन्फ्युशियसच्या नावाने चाललेल्या घराण्याच्या जाचाला जाब विचारला. आपल्याकडे १९२७ साली महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला हजारोंनी जावं लागलं, तेव्हा समोर उभी होती तीही रीतच. ती पाळणाऱ्यांनाही ती हस्तांदोलनाइतकीच सहज वाटत होती. सहजपणा ही चांगुलपणाची खूण नव्हे. कोणती ‘ली’ माणूस घडवते आणि कोणती माणूस खाते, हे ओळखायचं कसं, याचं पुरेसं उत्तर फिंगारेट यांच्या पुस्तकात मला सापडलं नाही.

लुनयूत मात्र धागे आहेत. ‘माणसात रेन नसेल तर त्याला ‘ली’ घेऊन काय करायचं?’ असं कन्फ्युशियस स्पष्ट म्हणतो. झोंगगोंग या शिष्याने रेनबद्दल विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, घराबाहेर पडल्यावर प्रत्येकाशी मोठ्या पाहुण्यासारखं वाग, लोकांकडून काम घेताना मोठा यज्ञ करतो आहेस असं समज, आणि जे तुला स्वतःला नको ते दुसऱ्यावर लादू नकोस. पाहुणा, यज्ञ आणि परतफेडीचा न्याय, तिन्ही एका दमात. हा झोंगगोंग, जुने टीकाकार सांगतात, हलक्या कुळातला. त्याच्याबद्दल कन्फ्युशियस म्हणाला होता: नांगराच्या बैलाचं वासरू तांबडं आणि डौलदार शिंगांचं निघालं, तर माणसं यज्ञाला ते नको म्हणतील, पण डोंगर आणि नद्या त्याला नाकारतील का? शिकवायचं तर भेद न करता, हेही त्याचंच वाक्य. त्याच्या नावाने पुढे दोन हजार वर्षं जे उभं राहिलं ते सगळं या वाक्यांना धरून राहिलं नाही. बायकांना तर या शिष्यमंडळात जागाच नव्हती. पण आतूनच टीका करायची सोय त्याने ठेवली होती, असं मी ठामपणे म्हणेन.

कोणी मला विचारलं, की लुनयूतला एकच उतारा वाचायचा तर कोणता, तर मी म्येन नावाच्या वादकाचा सांगतो. म्येन आंधळा होता. त्या काळी दरबारचे वादक बरेचदा आंधळे असत. तो कन्फ्युशियसला भेटायला आला. पायऱ्यांजवळ पोचला तेव्हा कन्फ्युशियस म्हणाला, ‘इथे पायऱ्या आहेत.’ चटईजवळ आला तेव्हा म्हणाला, ‘इथे चटई आहे.’ सगळे बसले. मग त्याने एकेकाचं नाव घेतलं, ‘हे इथे बसले आहेत, ते तिथे बसले आहेत.’

म्येन निघून गेला. त्झचांग नावाचा तरुण शिष्य हे सगळं बघत होता. त्याने विचारलं, ‘वादकाशी बोलायची हीच रीत का?’

‘हो,’ कन्फ्युशियस म्हणाला. ‘वादकाला सोबत करायची हीच रीत आहे.’